५०० वॉटचं हेड, तरी बेस ऐकू येत नाही

पत्र: मी पाच जणांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. माझ्याकडे ५०० वॉटचं हेड (म्हणजे ॲम्प्लिफायर) आहे आणि चार दहा-इंची स्पीकरचं एक कॅबिनेट (म्हणजे पेटी). खोलीत सराव करताना खिडकीची तावदानं थरथरतात, पण कार्यक्रमात ड्रम सुरू झाले की मला माझंच वाजवणं ऐकू येत नाही. मग मी बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवतो. तरी फरक पडत नाही, उलट मागच्या वेळी स्पीकरमधून फटफट असा आवाज यायला लागला. कॅबिनेटवर ‘८ ओहम, ६०० वॉट’ असं लिहिलंय. हेडच्या मागे ‘५०० वॉट, ४ ओहम, किमान ४ ओहम’ असं आहे. एक मित्र म्हणतो ८०० वॉटचं हेड घे, कारण कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो. दुसरा म्हणतो मोठं हेड घेतलंस तर कॅबिनेट फुटेल. तिसऱ्याला त्याचं १५ इंचाचं, ४ ओहमचं कॅबिनेट विकायचंय. तो म्हणतो हे खाली लाव, आवाज दुप्पट होईल. कुणाचं ऐकू?

उत्तर:

तिघांपैकी कुणाचंच नको. तुम्ही निदान कॅबिनेटच्या मागे वाकून आकडे वाचलेत आणि नीट उतरवून पाठवलेत; तेवढं तुमच्या मित्रांनी केलं असतं तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. पण आधी त्या फटफटीकडे बघू. बाकीचे निर्णय महिनाभर थांबले तरी चालतील, तुमचे स्पीकर तेवढे थांबणार नाहीत.

बेस गिटारची सगळ्यात जाड ई तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. बेसचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की बहुतेक हेडांवर त्या पट्ट्यात १२ ते १५ डेसिबलची वाढ होते. आता हिशेब असा की दर ३ डेसिबलला ताकद दुप्पट लागते. म्हणजे १२ डेसिबलला सोळापट. बटण मधोमध असताना जो खालचा स्वर २० वॉटमध्ये भागत होता, तो आता ३२० वॉट मागतो. तुमच्या हेडकडे तेवढे नाहीतच (का नाहीत, ते पुढे येईलच). त्याच वेळी स्पीकरच्या कागदावर, म्हणजे समोरच्या हलणाऱ्या शंकूवर, दुसरंच संकट येतं. आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला, तर कागदाला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. दहा इंचाच्या स्पीकरला मुळात काही मिलिमीटरचीच मुभा असते. ती संपली की कॉइल (कागद हलवणारी तारेची गुंडाळी) जागा सोडते आणि फटफट ऐकू येते. कॅबिनेटला पोर्ट (हवा आतबाहेर करायचं भोक) असेल तर आणखी वाईट: पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्या खाली गेलं की आतल्या हवेची कागदावरची पकड सुटते, आणि तो नुसता भेलकांडत राहतो. आवाज फारसा निघत नाही, ताकद मात्र जाते.

‘पण वर ६०० वॉट लिहिलंय ना?’ लिहिलंय, आणि खोटंही नाही. तो आकडा कॉइल किती उष्णता सोसेल याचा आहे. कागद किती लांब जाऊ शकतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. खालच्या स्वरांत ६०० वॉटचं कॅबिनेट त्याच्या निम्म्याच्याही आत हातपाय गाळू शकतं. म्हणून आजपासून बेसचं बटण मधोमध आणा, जमलं तर किंचित मागेच. हेडवर लो-कट किंवा हाय-पास फिल्टर (अगदी खालचे स्वर गाळणारी सोय) असेल तर तो ३५-४० हर्ट्झवर लावून विसरून जा. चार तारांच्या बेसला त्याच्या खाली काही काम नसतं. हाताचे धक्के आणि स्टेजची थरथर तेवढी असते.

असं केल्यावर बेस आणखीच ऐकू येणार नाही, अशी भीती तुम्हाला वाटेल. करून बघा. बहुतेक कॅबिनेटांचा आवाज ५०-६० हर्ट्झच्या खाली कमी व्हायला लागतो, तरी ई तार आपल्याला ई म्हणूनच ऐकू येते, कारण तिच्यासोबत ८२, १२३, १६४ असे वरचे स्वर निघतात आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. ड्रमच्या गर्दीतून बेस वाट काढतो तो २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. तेव्हा मिडचं, म्हणजे मधल्या स्वरांचं, बटण वाढवा. एकट्याने वाजवताना नाकात बोलल्यासारखा आवाज येईल, येऊ द्या. खोलीत तावदानं थरथरतात ती खोलीची करामत आहे. छोट्या खोलीच्या भिंती खालचे स्वर फुगवून परत देतात आणि समोर ड्रम नसतात. तिथे गोड वाटलेली बटणं जशीच्या तशी स्टेजवर नेणं ही चूक मी स्वतः कितीतरी वर्षं केली. खोलीत सगळे वाहवा करायचे, आणि कार्यक्रमानंतर ओळखीचा कुणीतरी येऊन हळूच विचारायचा, ‘आज तू वाजवत होतास ना?’

आता वॉट. तुमचं हेड ५०० वॉटचं आहे, पण ४ ओहमवर. तुम्ही त्याला ८ ओहमचं एकच कॅबिनेट जोडलंय. ट्रान्झिस्टरचं हेड जास्तीत जास्त किती व्होल्ट देऊ शकतं हे जवळपास ठरलेलं असतं. तेवढ्या व्होल्टवर कॅबिनेट किती करंट ओढतं, त्यावर वॉट ठरतात. ५०० वॉट आणि ४ ओहम म्हणजे साधारण ४५ व्होल्ट आणि ११ अँपिअर. तेच ४५ व्होल्ट ८ ओहमवर दिले की करंट निम्मा होतो आणि वॉट उरतात अडीचशे. प्रत्यक्षात काही हेडं तीनशेपर्यंत जातात, पण त्याहून फार पुढे नाही. थोडक्यात, तुम्ही आजवर जवळपास निम्म्या हेडवर वाजवत आलात, आणि उरलेलं निम्मं तुमच्याच घरात आहे.

पहिल्या मित्राचं ८०० वॉटचं हेड आणलं तर काय होईल? तेही बहुधा ४ ओहमवरच ८०० असणार. तुमच्या ८ ओहमच्या कॅबिनेटला त्यातले चारशे मिळतील. अडीचशेचे चारशे झाले की वाढ होते २ डेसिबलची. १ डेसिबलचा फरक लक्ष देऊन ऐकलं तर जेमतेम कळतो. २ डेसिबल म्हणजे ड्रमरने काठ्या बदलल्या तर पडेल तेवढा फरक. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. हे गणित एकदा डोक्यात बसलं की हेडवरचे मोठे आकडे बघून होणारी घालमेल बरीच कमी होते.

त्याच मित्राचं दुसरं वाक्य, कमी ताकदीचा ॲम्प्लिफायर स्पीकर जाळतो, हे इतक्या वेळा ऐकलंय की ते खरंच असणार असं वाटायला लागतं. कमी वॉटमुळे स्पीकर जळत नाही. तसं असतं तर हळू वाजवणाऱ्या प्रत्येकाचे स्पीकर जळाले असते. होतं असं: छोटं हेड मोठ्या ड्रमशी स्पर्धा करायला जातं, वाजवणारा गेन (आत येणाऱ्या सिग्नलचं बटण) आणि मास्टर (बाहेर जाणाऱ्या आवाजाचं) दोन्ही शेवटपर्यंत फिरवतो आणि लहरींची शिखरं छाटली जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. पूर्ण छाटलेल्या चौकोनी लहरीत तेवढ्याच उंचीच्या गोल लहरीच्या दुप्पट ताकद असते. म्हणजे २५० वॉटचं हेड अगदी पिळून काढलं तर पाचशेच्या घरात जाऊ शकतं. स्पीकर दोनशे वॉटचा असेल तर तो जळेल आणि दोष ‘कमी ताकदी’वर येईल. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुमचं कॅबिनेट सहाशेचं आहे, तेव्हा त्याची कॉइल या मार्गाने जळणं कठीण. कॅबिनेटात वरच्या स्वरांसाठी ट्वीटर असेल तर मात्र सांभाळा. छाटलेल्या लहरीतून वरचे स्वर बरेच निघतात आणि ते त्या बिचाऱ्याच्या वाट्याला जातात.

दुसऱ्या मित्राच्या भीतीत थोडं तथ्य आहे. मोठं हेड चुकून जोरात लागलं तर स्पीकर जाऊ शकतो. पण हेडवरचा आकडा ही कमाल मर्यादा झाली. ती रोज गाठायला हवी असं कुठे आहे? ७०० वॉटचं हेड ४०० वॉटच्या कॅबिनेटवर वर्षानुवर्षं चालवणारे लोक आहेत, आणि ३०० वॉटच्या हेडने ५०० वॉटचा स्पीकर फाडणारेही. पहिल्यांचे कान जागे असतात. फटफट आली, खालचा स्वर फाटल्यासारखा झाला, किंवा कॅबिनेटजवळ करपल्याचा वास आला की हात आधी बटणाकडे गेला पाहिजे. गाणं संपायची वाट बघायची नाही.

कॅबिनेटवरचा आकडा वाचताना मात्र एक तपासा: तो आरएमएस किंवा कंटिन्युअस (सतत सोसेल तेवढा) आहे, की प्रोग्रॅम (चढउताराच्या संगीतात सोसेल तेवढा), की पीक (क्षणभर सोसेल तेवढा). प्रोग्रॅमचा आकडा साधारण दुप्पट असतो आणि पीकचा चौपट, त्यामुळे एकाच कॅबिनेटवर ३००, ६०० आणि १२०० असे तिन्ही आकडे प्रामाणिकपणे छापता येतात. तुमच्या सहाशेपुढे यातलं काय लिहिलंय ते पत्रात नाही. ‘प्रोग्रॅम’ असेल तर तुमचं कॅबिनेट खऱ्या अर्थाने तीनशेचं आहे, म्हणजे आताच्या जोडणीला बरोबर पुरेसं. मग वर क्लिपिंगबद्दल जो दिलासा दिला तो मागे घेतो, आणि ८०० वॉटच्या हेडचा विषय तिथेच संपतो.

तिसऱ्या मित्राचं कॅबिनेट. इथे शाळेतलं भौतिकशास्त्र बाहेर काढावं लागेल. हेडच्या मागे दोन सॉकेट असोत, किंवा एका कॅबिनेटमधून दुसऱ्यात वायर नेलेली असो, दोन्ही कॅबिनेटं समांतर जोडणीतच येतात. वायर एकामागून एक दिसते म्हणून जोडणी एकसर होत नाही, आणि या एका गैरसमजाने बरीच हेडं गारद झाली आहेत. समांतर जोडणीत दोन रोधांचा गुणाकार भागिले बेरीज. ८ आणि ८ चे होतात ४. तुमच्या ८ ला त्याचे ४ जोडले तर ३२ भागिले १२, म्हणजे २.६७ ओहम. हेड स्पष्ट सांगतंय, किमान ४. त्याच ४५ व्होल्टवर आता करंट जाईल १७ अँपिअरच्या आसपास. जिथे अकराची सोय केलीय, तिथे सतरा. चांगल्या हेडात संरक्षण असतं, ते स्वतः बंद पडतं. वाईट हेडात आतले ट्रान्झिस्टर जातात.

मी हा प्रयोग एकदा नकळत केलाय. उसनं कॅबिनेट, मागे वाकून बघितलं नाही. पहिली तीन गाणी जबरदस्त वाजली. चौथ्या गाण्यात अंतऱ्यावर हेड गप्प झालं. दोन मिनिटांनी थंड होऊन पुन्हा सुरू झालं, नेमकं गायक शांतपणे काहीतरी बोलत असताना. त्या रात्री ते चार वेळा झालं. हेड वाचलं, बँडमधली माझी पत सुधारायला जरा वेळ लागला. काही हेडं २.६७ किंवा २ ओहमपर्यंत चालतात, त्यांच्या मागे तसं लिहिलेलंच असतं. तुमच्यावर लिहिलेलं नाही, प्रश्न मिटला.

बरं, समजा ते १५ इंची कॅबिनेट ८ ओहमचं असतं तरी मी ते खाली लावायला सांगितलं नसतं. दोन्ही ८ ओहमची म्हणून ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. ५०० पैकी २५० तुमच्या चार स्पीकरांत, म्हणजे प्रत्येकी ६२ वॉट. आणि उरलेले सगळे २५० त्या एकट्या पंधरा-इंचीवर. जोडीतला मोठा दिसणारा भिडू आधी दमतो तो असा. शिवाय दोन्हीची घडण वेगळी, त्यामुळे काही स्वरांवर एकाचा कागद बाहेर येत असताना दुसऱ्याचा आत जात असतो आणि ते एकमेकांचं खाऊन टाकतात. पंधरा इंच म्हणजे जास्त खोल आवाज, हेही डोक्यातून काढा. किती खाली जाणार हे पेटी केवढी आहे, पोर्ट कुठे जुळवलाय आणि स्पीकर कसा आहे यावर ठरतं. लहान पेटी, खोल बेस आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; कोणत्याही दोन निवडायच्या. स्पीकरच्या धंद्यातले लोक याला हॉफमनचा नियम म्हणतात.

मग घ्यायचं काय? तुमच्याकडे आहे तेच, तसंच आणखी एक. चार दहा-इंचीचं, ८ ओहमचं, शक्यतो त्याच बनावटीचं. दोन्ही मिळून ४ ओहम झाले की हेडचे पूर्ण ५०० वॉट बाहेर येतात, त्याचे ३ डेसिबल. हवा ढकलणारा कागद दुप्पट झाला, त्याचे खालच्या स्वरांत जवळपास आणखी ३. हिशेबात ६ डेसिबल, प्रत्यक्षात ५ धरा. एकाच कॅबिनेटमधून ६ डेसिबलची वाढ काढायची तर त्याला हजार वॉट द्यावे लागले असते, आणि ते सहाशेचं आहे. शिवाय आताइतक्याच आवाजात वाजवलंत तर प्रत्येक कागद निम्मंच अंतर हलेल, म्हणजे फटफटीपासून सुटका.

१९६९ साली अँपेग कंपनीने एसव्हीटी हे ३०० वॉटचं व्हॉल्व्हचं हेड काढलं, तेव्हा त्याच्यासोबत आठ दहा-इंची स्पीकरची दोन कॅबिनेटं जोडायची पद्धत होती. तीनशे वॉटला सोळा स्पीकर! त्या काळचे स्पीकर नाजूक होते, हे त्याचं कारण. पण त्या आवाजाची जी आख्यायिका झाली त्यात वॉटइतकाच त्या सोळा कागदांचा वाटा आहे. (व्हॉल्व्हचं हेड कधी हातात आलं तर वरचं गणित त्याला लावू नका. तिथे मागचा ओहमचा स्विच कॅबिनेटशी बरोबर जुळवावा लागतो, आणि कॅबिनेट न जोडता वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.)

दोन कॅबिनेटं एकावर एक ठेवा, शेजारी-शेजारी नको. शेजारी ठेवली की मधले-वरचे स्वर समोर एका अरुंद पट्ट्यात जातात आणि बाजूला उभ्या गिटारवाल्यापर्यंत नुसती घुमघुम पोचते. उभी रचली तर वरचे स्पीकर छातीपर्यंत येतात आणि तुमचा मिड तुम्हालाच पहिल्यांदा ऐकू येतो. हे आजही करता येईल: आहे ते कॅबिनेट एखाद्या भक्कम पेटीवर चढवा किंवा मागे तिरकं टेकवा. आता ते तुमच्या पोटऱ्यांना बेस ऐकवतंय.

आणि ते भिंतीला अगदी खेटून ठेवा, नाहीतर भिंतीपासून चांगलं लांब. कॅबिनेटचं तोंड मागच्या भिंतीपासून १ मीटरवर असेल तर मागे जाऊन परत आलेला आवाज २ मीटर जास्त अंतर कापून उशिरा येतो आणि ८६ हर्ट्झच्या आसपासचे स्वर समोरच्या श्रोत्यांसाठी खाऊन टाकतो. ई तारेचा पहिला वरचा स्वर ८२. म्हणजे ज्याच्या जोरावर कान ई ओळखतो तोच पळाला. भिंतीला खेटलं की हा खड्डा दोनशेच्या आसपास सरकतो आणि तिथे तेवढा खुपत नाही.

वायरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण हेडपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची वायर लावू नका. दोन्हीकडे सारखाच जॅक असतो, बसते झकास. पण तिच्या आतली तार केसासारखी बारीक, आणि तुम्ही तिच्यातून ११ अँपिअर पाठवणार. तापते, ताकद खाते, कधी आतून वितळून शॉर्ट होते. स्पीकॉनचं (खास स्पीकरच्या वायरीसाठीचं) सॉकेट असेल तर तेच वापरा, आणि तार निदान दीड चौरस मिलिमीटरची. दोन कॅबिनेटं एकातून दुसऱ्यात जोडणार असाल तर पहिली वायर अडीचची घ्या, कारण सगळा करंट तिच्यातूनच जातो.

खरेदीआधी एक गोष्ट मात्र तुम्हालाच ठरवावी लागेल. तुमचे बहुतेक कार्यक्रम अशा ठिकाणी होतात का, जिथे मोठी साउंड सिस्टिम असते आणि हेडच्या डीआय आउटमधून बेस थेट मिक्सरला जातो? तसं असेल तर प्रेक्षकांपर्यंत बेस पोचवणं हे तुमच्या कॅबिनेटचं कामच नाही. ते फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यायला हवं, आणि त्याला चार दहा-इंची पुरून उरतात. मग दुसरं कॅबिनेट नका घेऊ, आहे ते वर उचला आणि मिड वाढवा. डीआयचा स्विच ‘प्री’वर ठेवा, म्हणजे तुम्ही स्टेजवर बटणं फिरवलीत तरी साउंडवाल्याचा आवाज बदलणार नाही. सिस्टिममध्ये फक्त गायकाचा आवाज जात असेल आणि सभागृहभर बेस तुमच्याच कॅबिनेटमधून पोचवायचा असेल, तरच दुसऱ्या कॅबिनेटला पर्याय नाही.

तिसऱ्या मित्राला अगदीच नाही म्हणू नका. त्याचं कॅबिनेट ४ ओहमचं आहे, म्हणजे एकटं जोडलं तर तुमच्या हेडला चालतं आणि पूर्ण ५०० वॉट त्याला मिळतात. सरावाच्या एका संध्याकाळी तुमचं बाजूला ठेवून फक्त ते लावून ऐका. त्याआधी मागे वाकून त्याच्यावर किती वॉट लिहिलेत ते बघा. तीनशे असतील तर मास्टर निम्म्याच्या खाली ठेवा, आणि मित्राला शेजारीच उभं राहू द्या.